गळका प्रभार: कूलॉमच्या तराजूपासून उटीच्या ढगापर्यंत

जुलै महिन्यात आंबिवलीत प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून बघा. बहुतेक वेळा कपटे ढिम्म हलत नाहीत. तोच कंगवा, तेच केस, पण जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या सकाळी कपटे टुणकन उडी मारून चिकटतात. पावसाळ्यात घर्षण कमी होतं असं काही नाही. प्रभार तयार होतो, पण टिकत नाही. आणि त्याचा दोष आपण सरसकट 'दमट हवे'ला देतो तेही तितकंसं बरोबर नाही. दमट हवा स्वतः काही फार चांगली वाहक नसते. खरी गळती होते ती पृष्ठभागावरून. कंगव्यावर, हातावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो, त्यात क्षार विरघळलेले असतात, आणि त्या थरावरून प्रभार निघून जातो.

कापड आणि धाग्याच्या धंद्यातल्या लोकांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. आमच्या शेजारी मोहन्यात एनआरसी होती, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, आता बंद आहे. रेयॉन हा सेल्युलोजचाच धागा, कापसासारखा पाणी धरणारा, त्यामुळे त्यावर प्रभार फार साठत नाही. नायलॉन पाणी कमी धरतो, पॉलिएस्टर तर जवळजवळ धरतच नाही. म्हणून कोरड्या हवेत या धाग्यांचे तंतू एकमेकांपासून फिस्कटतात, यंत्राला चिकटतात. यावर गिरण्यांचा जुना उपाय म्हणजे खात्यातल्या हवेत मुद्दाम ओलावा सोडायचा. म्हणजे गिरणीला प्रभार गळायला हवा असतो आणि प्रयोगशाळेला तो अडवायचा असतो.

ही गळतीच आजचा विषय आहे. स्थितिक विद्युतचा इतिहास आपण शिकतो तो थेल्सचा अंबर, गिल्बर्ट, फ्रँकलिनचा पतंग, कूलॉमचा नियम, अशा क्रमानं. त्यात गळती म्हणजे प्रयोगातली कटकट. मला मात्र वाटतं की या विषयातला सगळ्यात मोठा शोध त्या कटकटीतूनच निघाला.

कूलॉमपासून सुरुवात करू. १७८५ मध्ये त्यानं पीळ-तराजू वापरून प्रतिकर्षणाचा नियम मांडला. बारीक तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकाला एक छोटी गोळी, शेजारी दुसरी स्थिर गोळी, दोन्हींवर सारखा प्रभार. गोळ्या दूर ढकलल्या जातात, तार पिळून त्यांना जवळ आणायचं आणि किती पीळ लागला ते वाचायचं. त्यानं छापलेली वाचनं किती, तर फक्त तीन. गोळ्यांमधलं अंतर ३६ अंश असताना पीळ ३६ अंश, १८ अंशांवर १४४, आणि साडेआठ अंशांवर ५७५.५. पहिल्या दोन वाचनांत अंतर निम्मं झालं, बल चौपट झालं, छान. तिसरं स्वतः तपासून बघा: व्यस्त वर्गानुसार साडेआठ अंशांवर साधारण ६४६ यायला हवेत. म्हणजे वाचन जवळपास ११ टक्क्यांनी कमी आहे. कूलॉमनं ९ आणि साडेआठ यांतला फरक किरकोळ धरला, आणि तिन्ही वाचनं दोन मिनिटांत उरकली असल्यामुळे प्रभाराची गळती सोडून देता येईल असं लिहिलं.

एवढ्यावर एक मूलभूत नियम उभा आहे हे पाहून आज कुणी भुवया उंचावेल. उंचावल्याही गेल्या आहेत. १९९२ मध्ये पीटर हीरिंग यांनी तसाच तराजू बनवून पाहिला तेव्हा त्यांना कूलॉमसारखे आकडे मिळाले नाहीत. २००६ मध्ये आल्बेर्तो मार्टिनेझ यांनी तार आणि बांधणी बारकाईनं जुळवल्यावर ते मिळू शकतात असं दाखवलं. हा वाद मिटला की नाही यापेक्षा मला कूलॉमनं पुढे काय केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. गळती 'सोडून देता येईल' असं लिहून तो थांबला नाही. पुढच्या एका निबंधात त्यानं गळतीच मोजली. प्रभार दोन वाटांनी जातो, एक हवेतून आणि एक आधारावरून, हे त्यानं वेगळं काढलं. हवा तशीच राहिली तर दर मिनिटाला जाणारा प्रभार उरलेल्या प्रभाराच्या प्रमाणात असतो, असं त्याला आढळलं. आज आपण याला घातांकी ऱ्हास म्हणतो.

पुढची शंभरेक वर्षं बहुतेकांचं मत असं की गळती होते ती आधार खराब असल्यामुळे किंवा हवेतल्या धुळीमुळे. आधार सुधारा, धूळ काढा, गळती शून्यावर येईल.

१९०० च्या सुमारास केंब्रिजमध्ये सी. टी. आर. विल्सन यांनी हे खरंच करून पाहिलं. (त्याच सुमारास जर्मनीत एल्स्टर आणि गायटेल हेही स्वतंत्रपणे याच प्रश्नावर काम करत होते.) संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांनी विल्सन यांची रचना नीट समजून घ्यावी. सुवर्णपत्र विद्युतदर्शीतलं पान त्यांनी गंधकाच्या एका मण्याला टांगलं. गंधक उत्तम विसंवाहक, पण 'उत्तम' म्हणजे 'पूर्ण' नव्हे. मग मण्यातून गळती होत नाही हे सिद्ध कसं करणार? त्यांनी मण्याच्या वरच्या दांडीवर पानाच्या सुरुवातीच्या विभवाइतकंच विभव कायम ठेवलं. आता मण्यातून काही वाहिलंच, तर ते दांडीकडून पानाकडे वाहील आणि पानावरचा प्रभार वाढेल. पान तरीही खाली येत असेल, तर प्रभार हवेतूनच जातोय. मुलाखतीत 'तुमचा कंट्रोल काय?' असा प्रश्न आला की मला हा मणी आठवतो. गळती बंद करता येत नसेल तर तिची दिशा अशी ठेवा की ती तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाईल.

पान खाली आलंच. धूळ काढलेल्या हवेतही आलं, अंधारात आलं, उजेडात आलं. धन प्रभार असो वा ऋण, वेग तोच. हवेचा दाब कमी केला की गळती त्या प्रमाणात कमी. आणि सगळ्यात बोलकं निरीक्षण म्हणजे विभव १२० व्होल्ट असो की २१०, दर सेकंदाला जाणारा प्रभार साधारण सारखाच. कूलॉमच्या गळतीशी याची तुलना करा. तिथे जितका प्रभार जास्त तितकी गळती जास्त, वाहक वाटेवरून होते तशी. इथे प्रभार वाढवूनही गळती वाढत नाही. म्हणजे अडचण वाटेची नाही, वाहून नेणाऱ्यांच्या संख्येची आहे. हवेत दर सेकंदाला ठरावीक आयन तयार होतायत, आणि जेवढे होतात तेवढे सगळे वापरले जातायत.

मग ते आयन तयार कोण करतं? वातावरणाबाहेरून येणारी, क्ष-किरणांपेक्षा कितीतरी जास्त भेदक प्रारणं असतील का, असा विचार विल्सन यांनी लिहून ठेवला, आणि तो तपासायला ते स्कॉटलंडमधल्या पीबल्सजवळच्या रेल्वे बोगद्यात रात्री विद्युतदर्शी घेऊन गेले. आमच्या कसारा लाइनवर घाटात बोगदे आहेतच, त्यामुळे हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. डोक्यावर एवढा खडक असल्यावर बाहेरची प्रारणं अडायला हवीत. गळती कमी झाली नाही. विल्सन यांनी कल्पना सोडून दिली. प्रयोग काटेकोर होता, पण बोगद्याचा खडक स्वतःच किंचित किरणोत्सारी असतो, आणि वरून जे अडलं त्याची भरपाई त्यानं केली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेले आणि तिथे आयनीभवन जमिनीपेक्षा स्पष्टपणे जास्त सापडलं. वैश्विक किरण हाती लागले, १९३६ चं नोबेल मिळालं. १९३९-४० च्या हिवाळ्यात मिलिकन आणि सहकारी बलून घेऊन भारतात आले. त्याच काळात होमी भाभा बंगळुरात वैश्विक किरणांवर काम करत होते. १९४५ मध्ये टीआयएफआर निघाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. तिच्या सुरुवातीच्या विषयांत वैश्विक किरण अग्रभागी होते.

विल्सन यांचा दुसरा नाद म्हणजे गडगडाटी ढग. ढगात वर धन आणि खाली ऋण प्रभार असतो असं त्यांचं म्हणणं. त्याला विरोध होता जॉर्ज सिम्पसन यांचा. ते सिमल्याला हवामान खात्यात होते आणि पावसाच्या थेंबांवरचा प्रभार तिथेच मोजला होता. मोठे थेंब फुटताना धनप्रभारित होतात, म्हणून ढगाच्या तळाशी धन प्रभार असणार, असा त्यांचा तर्क. मुंबईत एस. के. बॅनर्जी यांनी कुलाबा वेधशाळेतल्या मोजमापांवरून डोक्यावरच्या गडगडाटी ढगांच्या विद्युतक्षेत्रावर १९३० मध्ये निबंध छापला. शेवटी १९३७ मध्ये सिम्पसन आणि स्क्रेस यांच्या बलूनांनी दाखवलं की वर धन, मध्ये ऋण आणि तळाशी थोडा धन. दोघंही अर्धेअर्धे बरोबर.

पण ढगाचं एकूण विभव किती? विल्सन यांनी १९२९ च्या सुमारास ते अब्ज व्होल्टच्या घरात असेल असा अंदाज केला होता. बलूननं मोजलेलं सगळ्यात मोठं विभव मात्र १३ कोटी व्होल्टच्या पुढे गेलं नाही. बलून एका वेळी ढगाच्या एकाच वाटेनं जातो, अख्खा ढग त्याला दिसत नाही.

उटीला टीआयएफआरचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. वैश्विक किरणांतून तयार होणारे म्युऑन तिथे ५६० चौरस मीटरच्या शोधकात मोजले जातात. म्युऑन धन आणि ऋण दोन्ही असतात, पण धन जरा जास्त. वरून येताना ढगाच्या क्षेत्रात एका प्रकारच्या म्युऑनांची ऊर्जा वाढते, दुसऱ्याची घटते, आणि संख्या सारखी नसल्यामुळे एकूण मोजणीत किंचित फरक पडतो. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात ही मोजणी सुमारे २ टक्क्यांनी घटली आणि तो परिणाम १८ मिनिटं टिकला. त्यावरून काढलेलं ढगाचं विभव निघालं १.३ अब्ज व्होल्ट. हा निबंध मार्च २०१९ मध्ये आला. विल्सन यांनी बोगद्यात सोडून दिलेल्या किरणांनीच त्यांच्या ढगाचा अंदाज तपासला होता.