लीग टिकते कशाने? हिंगोलीहून एक तुलना

हॉकीची लीग चांगली की वाईट, हे ठरवताना दोन प्रश्नांची सरमिसळ होते. तिच्यातले संघ बाहेरच्यांना हरवू शकतात का? हे बळ. दहा वर्षांनी ती असेल का आणि त्याच संघांची असेल का? हे स्थैर्य. एकातून दुसरं आपोआप येतं, असा आपला समज असतो. इतिहास मात्र तसं सांगत नाही.

अमेरिकेतली महाविद्यालयीन आइस हॉकी घ्या. तिथे लीग म्हणजे महाविद्यालयांनी आपखुशीने केलेला करार. १९८४ साली पूर्वेकडच्या 'ईसीएसी'मधून काही बलाढ्य संघ बाहेर पडले आणि 'हॉकी ईस्ट' उभी राहिली. २०१० मध्ये टेरी पेगुला यांनी पेन स्टेट विद्यापीठाला ८८ दशलक्ष डॉलरची देणगी दिली. त्यातून तिथे नवा संघ आला, त्यामुळे 'बिग टेन'ला हॉकीसाठी लागणारे सहा संघ जमले. मिशिगन, मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट जुन्या 'सीसीएचए'मधून निघाले. १९७१ पासूनची ती लीग २०१३ मध्ये संपली. पुढे २०२१ मध्ये सात संघांनी 'डब्ल्यूसीएचए' सोडून तेच नाव पुन्हा उभं केलं. ज्याच्याकडे बळ, त्याच्याकडे निघून जाण्याची सोय, असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे उलट. इथे महाविद्यालय लीग निवडत नाही. विद्यापीठाचं कार्यक्षेत्र ती निवडतं आणि ते ठरवतं सरकार. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि आंतरमहाविद्यालयीन खेळांचा धागा औरंगाबादेशी जोडला गेला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि नांदेड, परभणी, लातूर तिकडे गेले. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण विद्यापीठ नांदेडचंच राहिलं.

हिंगोलीचं आदर्श महाविद्यालय असो की वसमतचं बहिर्जी स्मारक, दोघांना ना बाहेर पडता येतं, ना कुणी बाहेर काढतं. म्हणजे स्थैर्य पक्कं. फाळणीचा फायदाही झाला: दोनशे किलोमीटरहून दूरचं औरंगाबाद सुटलं आणि शंभरच्या आतलं नांदेड मिळालं. किंमतही होती. औरंगाबाद आणि नांदेड ही मराठवाड्यातली हॉकीची दोन गावं. पूर्वी दोन्हीकडची मुलं एका विद्यापीठ संघात येऊ शकत होती. आता ती दोन संघांत विभागली. आंतरविद्यापीठ स्पर्धेत संघ दुप्पट झाले, खेळाडू तेवढेच राहिले.

त्याहून मोठा प्रश्न सामन्यांचा आहे. आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होते. आठ संघ असतील तर एकूण सात सामने. चार संघ एकेक सामना खेळून घरी. साठ मिनिटांत त्यांचं विद्यापीठ पातळीवरचं वर्ष संपतं. तेच आठ संघ साखळीत खेळले तर अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सात येतात. अमेरिकेतला महाविद्यालयीन संघ हंगामात तीसच्या वर सामने खेळतो. आपलं स्थैर्य कागदावर असतं, खेळाडूच्या पायांपर्यंत पोचत नाही.

मग पैसा आणावा का? प्रीमियर हॉकी लीग २००५ ते २००८ चालली. वर्ल्ड सिरीज हॉकी २०१२ मध्ये एकदाच झाली. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर थांबली, ती थेट २०२४ च्या डिसेंबरात परतली. बळ होतं, मूळ धरलं नाही. याउलट नांदेडची गुरू गोविंदसिंगजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा कित्येक दशकं भरते आहे. तिच्यामागे गावाची श्रद्धा आहे, मैदान आहे आणि पाहायला येणारी माणसं आहेत.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडचं न तुटणारं कार्यक्षेत्र ही वाया चाललेली पुंजी आहे. अमेरिकेतल्या लीगना जे विकत घेता येत नाही, ते आपल्याला फुकट मिळालं आहे. हिंगोली, वसमत, परभणी, नांदेड यांच्यात चार संघांची साखळी केली, एकमेकांच्या गावी जाऊन-येऊन, तरी प्रत्येक संघाला सहा सामने मिळतील. त्यासाठी देणगीदार लागत नाही. एसटीचं भाडं, दोन पंच आणि वेळापत्रक लागतं. लीग जिवंत आहे की नाही, हे विजेत्यापेक्षा शेवटच्या क्रमांकाच्या संघाला किती सामने मिळाले यावरून ओळखावं.