दिवाणी वादांतील मध्यस्थी व निष्पक्षता

दिवाणी वादातील पक्षकारांनी तिऱ्हाईत व्यक्तीच्या मदतीने आपसांत बोलून तोडगा काढण्याची कार्यपद्धती. ही तिऱ्हाईत व्यक्ती म्हणजे मध्यस्थ. न्यायाधीश किंवा लवाद पुरावा पाहून निर्णय देतात आणि तो पक्षकारांवर बंधनकारक असतो. मध्यस्थाला निवाड्याचा अधिकार नसतो, बोलणी चालवणे एवढेच त्याच्या हाती असते. त्यामुळे त्याच्या निष्पक्षतेला न्यायाधीशाच्या निष्पक्षतेइतके महत्त्व नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. न्यायाधीशाचा कल निकालपत्रातील कारणांवरून तपासता येतो, त्याविरुद्ध वर दाद मागता येते. मध्यस्थाच्या खोलीतील बोलणी गोपनीय असतात, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. तिथे झालेला अन्याय बाहेरून सहसा दिसत नाही आणि दुरुस्त करणेही फार अवघड असते.

भारतात न्यायालयीन मध्यस्थीचा आधार म्हणजे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९. १९९९ च्या दुरुस्तीने घातलेले हे कलम १ जुलै २००२ पासून अमलात आले. अॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने कोणते दावे मध्यस्थीला योग्य ते सांगितले. कौटुंबिक वाटप, शेजाऱ्यांमधील हद्दीचे व वहिवाटीचे तंटे, व्यापारी करारांतील वाद ही त्यांतली ठळक उदाहरणे. फसवणुकीचे गंभीर आरोप किंवा अनेकांच्या वतीने लढवलेले प्रातिनिधिक दावे मात्र वगळले. त्याच वर्षी मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की मध्यस्थाने तडजोड झाली तर तडजोडनामा पाठवावा, न झाल्यास केवळ ‘मध्यस्थी निष्फळ’ असे कळवावे. कोण अडून बसले, कोणी किती देऊ केले, यातले काहीही न्यायाधीशाच्या कानावर जाता कामा नये. हा नियम मध्यस्थीचा कणाच आहे. आपण बोललेले उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल अशी धास्ती असेल, तर कोणीही मनातले सांगणार नाही.

निष्पक्षता म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा वेळ, इतके ते सोपे नाही. महाराष्ट्रातील न्यायालयांत नेहमी येणारा वाटपाचा दावा पाहा. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींनी सरस-निरस मानाने वाटप मागितलेले असते. सातबारा भावांच्या नावावर, विहीर धाकट्याच्या ताब्यात, डोक्यावर सोसायटीचे पीककर्ज. पहिल्याच बैठकीत एक बहीण म्हणते, “मला काही नको, माहेर तुटायला नको.” हक्कसोडपत्र आणि तडजोडीची पुरसिस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) लगेच तयार होऊ शकते, दावा निकाली निघतो. चांगला मध्यस्थ इथेच थांबतो आणि तिच्याशी स्वतंत्र बैठक घेतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो बुडत नाही, असे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरले. वकिलांनी हे समजावून सांगितले आहे का? तुमच्या वाट्याला किती क्षेत्र येते, आजच्या दराने त्याची किंमत काय होते, ठाऊक आहे का? असे तो विचारतो. “हक्क सोडू नका” असे तो म्हणत नाही. तसे म्हटले की तो तिचा वकील झाला. सगळे कळून तिने सोडायचे ठरवले, तर तो निर्णय तिचा. ती दडपणाखाली बोलते आहे असे दिसले, तर तडजोड लिहून घेण्यापेक्षा प्रकरण न्यायालयाकडे परत पाठवणे योग्य. भावाचेही असेच ऐकावे लागते: इतकी वर्षे रान कसले, कर्ज फेडले, बहिणींची लग्ने लावली, याचा हिशेब कायद्याच्या वाट्यात बसत नसला तरी बोलण्यात यायलाच हवा. स्वतंत्र बैठकीत एका बाजूने सांगितलेले तिच्या परवानगीशिवाय दुसरीला सांगायचे नसते. या साऱ्याला वेळ लागतो, म्हणूनच किती प्रकरणे मिटवली या आकड्यावर मध्यस्थाला जोखणे घातक आहे. आकड्याची घाई नेमकी दुबळ्या बाजूच्या मुळावर येते.

मध्यस्थी अधिनियम, २०२३ ची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. स्वतःच्या निःपक्षपणाविषयी रास्त शंका येईल अशी कोणतीही बाब मध्यस्थाने आधीच लेखी उघड करावी, अशी तरतूद या कायद्यात आहे. नाते, जुनी वकिली, आर्थिक हितसंबंध हे सारे त्यात येते. उघड केल्यावरही सर्व पक्षकारांनी लेखी हरकत सोडली, तर तो काम करू शकतो. फसवणूक, भ्रष्टाचार किंवा तोतयेगिरी झाल्यास तडजोडीला आव्हान देता येते.

तिऱ्हाईताच्या निष्पक्षतेची ही मागणी मराठी मुलखाला नवी नाही. पूर्वी गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदार-भाऊबंदांच्या न्यायसभेपुढे, वाद नेताना वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत, आणि गावच्या गोतावर भरवसा नसेल तर परस्थळी निवाडा मागता येई. मात्र गोतसभा निवाडा देई, ती आजच्या अर्थाने मध्यस्थी नव्हे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आजच्या मध्यस्थीला अधिक जवळची आहे; तिच्यात गावचीच समिती तंटे समेटाने मिटवते. तंटामुक्ती समितीतील माणसे गावचीच, म्हणजे कोणाची तरी भावकी, कोणाच्या तरी गटाची. पूर्ण तिऱ्हाईत माणूस गावात मिळणे कठीण, त्यामुळे आपले लागेबांधे बैठकीआधी सांगणे आणि हरकत आल्यास बाजूला होणे इथे शहरातील मध्यस्थी केंद्रापेक्षाही अधिक गरजेचे ठरते. २०२३ च्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी एकाऐवजी तीन मध्यस्थांचे मंडळ सांगितले आहे. अशा मंडळापुढे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी बजावता येत नाही.