चलनोत्तर भास

एकच शारीरिक हालचाल बराच वेळ केल्यावर, डोळे मिटले असता स्वतःच्या गतीची वा स्थितीची जी फसवी जाणीव होते, तिला चलनोत्तर भास म्हणता येईल. याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टुअर्ट ॲन्स्टिस यांनी १९९५ मध्ये नोंदवले. ट्रेडमिलवर धावून उतरलेली माणसे डोळे मिटून जागच्या जागी धावू लागली, की नकळत पुढे सरकतात. त्यांना मात्र आपण जागेवरच आहोत असे वाटते. ट्रेडमिलवर लंगडी घातल्यास परिणाम त्याच पायापुरता राहतो, दुसऱ्यात उतरत नाही. मेंदू पावलांचा हिशेब सरकत्या पट्ट्याशी जुळवून घेतो. स्थिर जमिनीवर तोच हिशेब चुकतो. डोळे उघडे असल्यास दृष्टी ही चूक सावरते. फुगडीनंतरची घेरी निराळी, ती अंतर्कर्णातील द्रवामुळे येते.

ऑस्कर कोनश्टाम यांनी १९१५ मध्ये वर्णिलेला आविष्कार याच्या जवळचा आहे. त्याला यंत्र लागत नाही, कोणत्याही घराची दारचौकट पुरते. हाताची मागची बाजू चौकटीवर मिनिटभर जोराने दाबावी, मग बाजूला होऊन हात सैल सोडावा. बहुतेकांचा हात आपोआप वर उचलला जातो. शाळांनी विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग जरूर घ्यावा. डोळे मिटून धावण्याच्या प्रयोगाला मात्र मोकळे मैदान आणि सोबती हवाच.