नळी, पिशवी आणि हात

इतिहास म्हटला की आपणांस किल्ले आणि लढाया आठवतात. आम्ही मात्र आज एका रबरी नळीचा इतिहास सांगणार आहोत. विषय काहींना अमंगळ वाटेल. परंतु ज्या कुंभारीत 2006 साली विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तेथे तो घरोघरचा आहे. विडी कामगाराला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बाई रुग्णालयात आठ दिवस अधिक राहिली, की आठ दिवसांची चूल थंडावली.

लघवी अडली असता नळी घालावी, ही विद्या प्राचीन आहे. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाशी फुगा बसवण्याची युक्ती अमेरिकेतील फ्रेडरिक फोली यांनी 1930 च्या दशकात रूढ केली. सोय झाली खरी. पण नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेले असे. त्या वाटेने जंतू वर चढत, आणि चार दिवसांत बहुतेक रोग्यांची लघवी दूषित होई. निचरा बंद असावा, हे लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी 1928 सालीच सुचवले होते. प्रघात पडण्यास मात्र चाळीस वर्षे गेली! 1958 साली पॉल बीसन यांनी नळीविरुद्ध जणू फिर्यादच मांडली, आणि 1966 साली क्यूनिन व मॅकॉर्मॅक यांनी दाखवून दिले की बंद पिशवीने हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास येते.

तथापि बंद पिशवी असली तरी नळीच्या प्रत्येक दिवसागणिक शंभरांतील तीन ते सात रोग्यांना जंतू गाठतात. म्हणून उत्तम उपाय तोच, जो फुकट आहे: गरज नसता नळी घालू नये, आणि घातल्यास रोज सकाळी विचारावे, ‘आज ही हवी का?’ बाकीचे उपायही स्वस्तच. नळीला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगावी. सांधा उघडू नये. पिशवी रिकामी करण्याचे भांडे प्रत्येक रोग्याचे वेगळे असावे. आधीच जंतुनाशक औषधे देत राहिल्याने औषधांना न जुमानणारे जंतूच पोसले जातात.

आता आमचा मुद्दा. हे सारे करणार कोण? रात्रपाळीची परिचारिका आणि पिशवी रिकामी करणारी मावशी. एकीच्या माथी वाजवीहून अधिक खाटा आणि दुसरीला हातमोजेही नाहीत, तर भिंतीवरचा नियम भिंतीवरच राहतो. साबण, मोजे आणि पुरेशी माणसे ही मागणी कामगाराची आहे, तशीच ती रोग्याचीही आहे. ती दोघांनी मिळून केली पाहिजे.