बाईकचे पार्ट बफिंग करून चमकवले तर वॉरंटी जाते का?

भिवंडीत पावसाळा संपला की बाईकची खरी हालत दिसते. खाडीकडची दमट हवा, चार महिन्यांचा चिखल आणि गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची धूळ. इंजिनच्या कव्हरवर पांढरे डाग पडतात, नटबोल्ट गंजतात. अशातच मोबाईलवर एखादं रील येतं: काळपट कव्हर बफिंग मशीनवर धरलं आणि बघता बघता आरशासारखं झालं. आपणही करून घ्यावं असं वाटतंच.

पण बाईक हप्त्यावर घेतलेली असेल, तिच्यावरच डिलिव्हरीचा धंदा चालत असेल आणि ती अजून वॉरंटीत असेल, तर आधी हे वाचा.

थोडक्यात उत्तर काय?

एक कव्हर चमकवलं म्हणून अख्ख्या बाईकची वॉरंटी जायला नको. मात्र ज्या पार्टवर काम केलं त्याची, आणि त्या कामामुळे पुढे जे बिघडेल त्याची जबाबदारी कंपनी नाकारू शकते. त्यामुळे कोणता पार्ट बफ करताय आणि त्यासाठी काय काय खोलावं लागतंय, हे आधी बघायचं.

बफिंगमध्ये नेमकं काय होतं?

आधी पार्टवरचा रंग किंवा लॅकर केमिकलने काढतात. मग जाड ते बारीक पॉलिश पेपर मारतात आणि शेवटी कापडी चाकावर साबणासारखी पॉलिशची वडी लावून चमक आणतात.

कंपनीने दिलेला थर फक्त शोभेसाठी नसतो. अॅल्युमिनियमच्या काही पार्टवर अॅनोडायझिंग असतं. हा ऑक्साइडचा थर साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा असतो. तो काढला तर उघड्या धातूवर हवेमुळे नवा थर आपोआप तयार होतो, पण तो काही नॅनोमीटरचाच, म्हणजे हजारो पट पातळ. म्हणून बफ केलेलं कव्हर पहिल्या पावसातच मंद पडतं, आणि खारट दमट हवेत त्यावर बारीक खड्डेही पडतात. चमक टिकवायची तर वॅक्स किंवा क्लिअर कोट लावावाच लागतो.

अॅनोडायझिंग काढायला कॉस्टिक सोडा वापरतात. त्याने कातडी आणि डोळे भाजतात, आणि अॅल्युमिनियमशी संयोग झाला की पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. हा प्रयोग घरच्या मोरीत करू नका.

वॉरंटी कशाची असते?

वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते. रंग उडणं, प्लेटिंग गंजणं, रबर झिजणं या गोष्टी बहुतेक दुचाकींच्या वॉरंटी कार्डात आधीच वगळलेल्या असतात. म्हणजे डागाळलेल्या कव्हरसाठी कंपनीकडून तसंही फारसं काही मिळणार नसतं.

मोठा धोका शेजारच्या पार्टला असतो. क्लच कव्हर बफ करायला इंजिन ऑइल काढून कव्हर खोलावं लागतं. जुनंच पॅकिंग परत बसवलं, बोल्ट कमी-जास्त आवळले किंवा पॉलिशची पूड आत राहिली, तर ऑइल गळतं. मग सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असतं, "इंजिन बाहेर उघडलंय." दीड-दोन हजारांच्या चमकेपायी इंजिनचा क्लेम वादात सापडतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा पार्ट वापरला एवढ्या कारणावरून तिथे वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, पण एक महत्त्वाचा आदेश आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच आदेशात म्हटलं होतं, की बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून ग्राहकाची वॉरंटी सरसकट रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. हे प्रकरण चारचाकींचं होतं आणि पुढे त्यावर अपीलही झालं. तरी वाद घालताना हे तत्त्व दुचाकीवाल्यांच्याही कामाचं आहे.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 87 नुसार, इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा करता येत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणाऱ्या बदलांवर बंदी घालतं. कव्हर चमकवल्याने नोंद बदलत नाही. पण टाकीचा रंग काढून कोरा पत्रा ठेवलात तर आरसीवरचा रंग जुळणार नाही. त्यासाठी भिवंडीकरांना ठाणे आरटीओकडे जावं लागेल.

कोणत्या पार्टला हात लावू नये?

- ब्रेक डिस्क: घासून ती पातळ होते आणि पॉलिशचा तेलकटपणा राहिला तर ब्रेक लागत नाही. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.
- पुढच्या शॉकअपचे पाइप: हार्ड क्रोमवर पेपर मारला की ऑइल सील कापलं जातं.
- इंजिन आणि चेसिस नंबरची जागा: नंबर पुसट झाला तर चोरीच्या गाडीचा संशय येतो.
- अॅलॉय व्हील: रंग काढायला किंवा पावडर कोटिंगला जास्त उष्णता दिली तर धातूची ताकद कमी होऊ शकते.
- ताण सोसणारे बोल्ट: अॅसिडमध्ये बुडवून प्लेटिंग केलं की हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि अचानक तुटू शकतात.

सायलेन्सर गार्ड, फुटरेस्टचे ब्रॅकेट, लेग गार्ड अशा इंजिन न उघडता निघणाऱ्या पार्टमध्ये धोका सर्वांत कमी.

करायचंच असेल तर काय काळजी घ्याल?

वॉरंटी कार्डातला 'या गोष्टी वगळून' हा भाग आधी वाचा. सर्व्हिस सेंटरला व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. बफिंगवाल्याकडून बिल घ्या आणि त्यात कोणत्या पार्टवर काय केलं ते लिहून मागा. कव्हर खोललंच तर नवं पॅकिंग टाका. आणि घाई नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

तरीही क्लेम नाकारला तर?

कारण लेखी मागा. बिघाड आणि बफिंग यांचा संबंध काय, हे विचारा. बॅटरी किंवा मीटर बिघडलं असेल तर चमकवलेल्या कव्हरचा त्याच्याशी काय संबंध? उत्तर पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मुदत दोन वर्षांची. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते. दोषाबद्दल वाद असेल तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तिथे तुमचे फोटो आणि बिलच उपयोगी पडतील.