परकें पातें, घरची मूठ

नळदुर्गच्या किल्ल्यांत शिरणारा प्रवासी प्रथम पाणीमहाल पाहावयास जातो. बोरी नदीला बांध घालून त्याच्याच पोटांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, बांधलेला तो महाल खरोखरच पाहण्यासारखा आहे. पुराचें पाणी डोक्यावरून कोसळत असतें आणि आंतल्या दालनांत उभा असलेला मनुष्य कोरडा राहतो. परंतु तटावर पहारा करणाऱ्या शिपायाच्या कमरेला काय असे, आणि तें कोठून येई, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर पाणीमहालाइतकेंच नवलाचें आहे.

त्या काळच्या दख्खनी चित्रांत दरबारी पुरुषाच्या शेल्यांत कट्यार खोंवलेली दिसते. तलवार लढाईची, कट्यार रोजची. घरांत, दरबारांत, प्रवासांत ती अंगावरच असावयाची. तिची मूठ इतर हत्यारांसारखी नसते. दोन उभ्या पट्ट्या व त्यांना जोडणारे एक-दोन आडवे दांडे. ते मुठींत धरले म्हणजे पातें थेट हाताच्या रेषेंत पुढें येतें आणि ठोसा मारावा तसा घाव बसतो. सभासदाच्या बखरींत अफझलखानानें शिवाजीमहाराजांवर चालविलेलें हत्यार असेंच कमरेचें होतें; खानाची स्वारी प्रतापगडाकडे वळण्यापूर्वीं ज्या तुळजापुरावर आली, तें नळदुर्गापासून दूर नाहीं.

आतां मौज अशी कीं, दक्षिणेंतील पुष्कळ कट्यारींचीं पातीं मुळांत कट्यारीचीं नव्हतींच. तीं युरोपांतल्या जुन्या, बहुधा मोडक्या तलवारींचे तुकडे होते.

१५१० मध्यें पोर्तुगीजांनीं विजापूरकरांकडून गोवें घेतलें, आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरून युरोपी पात्यांचा ओघ सुरू झाला. जर्मनींतील सोलिंगेन व पासाऊ, स्पेनमधील टोलेडो, इटलींतील जिनोआ अशा ठिकाणचीं पातीं देशावर येऊं लागलीं. फिरंग्यांकडून आली म्हणून ती तलवार ‘फिरंगी’ झाली. पुढें इंग्रजांनीं सुरतेच्या वखारींत हाच माल आणला; तो कधीं हातोहात खपे, कधीं पडून राही. आपल्याकडे पोलाद नव्हतें असें मात्र नाहीं. तेलंगणांतील कोनासमुद्रम येथें तयार होणाऱ्या पोलादासाठीं इराणचे व्यापारी येत असत. परंतु तें उंची पोलाद महाग, धारेला अद्वितीय आणि स्वभावानें ताठर. आडवा मार बसला तर मोडण्याची भीति. युरोपी पातें लांब, सरळ आणि वांकवून सोडलें तर पुन्हा सरळ होणारें. शिपायाला असा सोबती हवा होता.

त्यानें पातें घेतलें, मूठ मात्र घेतली नाहीं. परदेशी मूठ काढून टाकावयाची आणि तेथें आपली बसवावयाची: बोटांचें रक्षण करणारी रुंद परज, आंतून मऊ गादी, टोंकाला दुसऱ्या हातानें धरण्याजोगा गज, आणि पात्याला दोन्ही बाजूंनीं आधार देणाऱ्या, रिव्हिटांनीं ठोकलेल्या पट्ट्या. मराठ्यांची धोप ती हीच. लंडनच्या राजसंग्रहांत ‘जगदंबा’ या नांवाची एक तलवार आहे. ती १८७५-७६ च्या दौऱ्यांत कोल्हापूरकडून प्रिन्स ऑफ वेल्सला नजर झाली. मूठ अस्सल मराठी. पात्यावर मात्र येशूच्या नांवाचीं आय-एच-एस हीं अक्षरें उमटलेलीं आहेत. पूजेंत तलवार ठेवणाऱ्या घराण्याला त्या अक्षरांची अडचण वाटली नाहीं. पातें चांगलें, एवढें त्यांना पुरे होतें. पासाऊ-सोलिंगेनच्या धांवत्या लांडग्याची खूण तर इतकी नांवाजली कीं, इतर गांवचे कारागीरही ती सर्रास ठोकीत. जिनोआच्या कोयत्यासारख्या चंद्रकोरीची नक्कल आपल्याही लोहारांनीं केली.

तलवार मोडली म्हणजे तिचा दुसरा जन्म सुरू होई. तुकडा हातभर उरला तरी कारागीर तो फेंकून देत नसे. कट्यारीच्या मुठीपासून पुढें आलेल्या दोन पट्ट्यांत तो तुकडा धरून खिळे ठोकले, टोंक घासून निमुळतें केलें, कीं कट्यार तयार. हें काम ओळखावयाचें कसें? पात्यावरची पन्हळ पाहावी. मूळचें कट्यारीचें पातें असेल तर ती बेतानें सुरू होते व बेतानें संपते. तलवारीचा तुकडा असेल तर पन्हळ पट्टीखालीं तशीच शिरते किंवा टोंकाशीं मध्येंच तुटते, जणू अर्ध्यावर थांबलेलें वाक्य.

अशा कट्यारींचा सर्वांत मोठा सांठा तंजावरास होता. तेथें १६७६ पासून भोसल्यांचें मराठी राज्य होतें. नायक राजांच्या वेळेपासूनचीं हत्यारें त्यांच्या शस्त्रागारांत जमा झालीं होतीं. १८५५ मध्यें शेवटचा राजा शिवाजी पुत्रावांचून वारला आणि राज्य खालसा झालें. पुढें १८६३ च्या सुमारास सरकारनें तें शस्त्रागार मोडीत काढलें. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयांत गेले, बाकीच्यांची किंमत जुन्या लोखंडाची झाली. वॉलहाऊस नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८७८ मध्यें ‘इंडियन अँटिक्वेरी’ मासिकांत त्या शस्त्रागाराची हकीकत लिहिली, म्हणून एवढें तरी कळतें. शेंकडों वर्षें ज्या पोलादाचा तुकडाही कोणी वायां घालविला नाहीं, त्याची ही वासलात एका हुकुमानें लागली.

त्याच १८७८ सालीं हत्यारांचा कायदा आला. निजामाच्या राज्यांत इंग्रजी कायदा चालत नसला, तरी लढाईचे दिवस सरले होते. हत्यारांना शिकल करणारा शिकलगार सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावूं लागला. घिसाडी गांवोगांव फिरून विळे-कोयते घडवूं लागला. हात बदलला नाहीं. परदेशी तलवारीच्या जागीं शेफील्डचा खिशांतला चाकू आला, मोटारी आल्यावर त्यांच्या मोडक्या पाट्यांचे कोयते होऊं लागले, झिजलेल्या कानशींच्या सुऱ्या झाल्या. चाकूचें टोंक मोडलें तर सहाणेवर नवें निघतें, हाड फुटलें तर शिंगाची किंवा लांकडाची मूठ बसते. रॉजर्स कंपनीच्या चाकूवर तारा आणि क्रूस यांची खूण पात्याच्या बुडाशीं, मुठीलगत असे. पातें घासून घासून बोटाएवढें उरलें, मूठ दोनदां बदलली, तरी ती खूण शेवटपर्यंत टिके.