मेणबत्त्या खाणारा पक्षी

आज एका पक्ष्याची गोष्ट. पण सुरुवात होते एका पाद्र्यापासून.

जुआंव दोस सांतोस हा पोर्तुगीज डॉमिनिकन पाद्री १५८६ साली आजच्या मोझांबिकला पोचला. तिथल्या सोफाला ठाण्यावर असताना त्याला एक चोर सापडला. एक लहानसा पक्षी चर्चमध्ये शिरायचा आणि मेणबत्त्यांचं मेण टोचून खायचा! हाच पक्षी माणसांना मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो, हेही पाद्रीबुवांनी लिहून ठेवलं. पुस्तक १६०९ साली छापलं गेलं. पुढे १६२२ साली ते वारले, तेही आपल्या गोव्यात.

हा पक्षी म्हणजे हनीगाइड. आपण त्याला मधाचा वाटाड्या म्हणू. आफ्रिकेतल्या विरळ झाडीच्या गवताळ रानात राहतो. किडे, मधमाश्यांच्या अळ्या आणि मेण हे त्याचं जेवण. मेण पचवणारे पक्षी जगात फार थोडे. पोळं कुठे आहे ते याला ठाऊक असतं, पण झाडाच्या ढोलीतलं पोळं फोडणं याच्या चोचीला जमत नाही, शिवाय माश्यांचे डंख. माणसाकडे कुऱ्हाड आहे, धूर आहे, पण पोळं शोधता शोधता दिवस जातो. म्हणून ही भागीदारी. मध माणसाचा, मेण पक्ष्याचा.

लोकांना बराच काळ ही भाकडकथा वाटत असे. १९८९ साली हुसेन इसाक आणि हाइन्झ-उलरिख रायर यांनी उत्तर केनियातल्या बोरान लोकांबरोबर हिंडून मोजमाप केलं. अनोळखी रानात एक पोळं शोधायला सरासरी ८.९ तास लागायचे. पक्षी सोबत असला की ३.२ तास. २०१६ साली क्लेअर स्पॉटिसवूड यांनी मोझांबिकमध्ये दाखवलं, की याओ लोकांची 'ब्र्र्र-हम्' अशी खास हाक ऐकली की पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर जाते. टांझानियातले हाड्झा लोक मात्र शीळ घालतात. आणि २०२३ साली असं दिसलं, की दोन्हीकडचे पक्षी आपापल्या मुलखातल्या हाकेलाच जास्त ओ देतात. म्हणजे पक्ष्यांनाही बोली असते म्हणायची!

मला खरं नवल वाटलं ते पुढचं. ही विद्या त्याला आईबाप शिकवत नाहीत. कोकिळेसारखीच याची मादी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते चोचीला आकडे घेऊन, आणि त्यांनी ते यजमानाची पिल्लं मारून टाकतं. पाळणाऱ्या आईला मधातलं काही कळत नाही. मग आपल्या मुलखातली हाक कोणती, हे तो शिकतो कुणाकडून? बहुधा रानात येणाऱ्या माणसांकडूनच.

म्हणूनच काळजी वाटते. दुकानात साखर मिळू लागली, माणसं शहराकडे गेली, की रानातली हाक थांबते. जिथे मध काढायला कुणी जात नाही, तिथे हा पक्षी वाट दाखवणंही सोडत चालला आहे. पक्षी तिथेच असतो, किडे खाऊन जगतोही. नातं तेवढं संपतं.

आपल्याकडच्या किती गोष्टी अशाच गेल्या असतील? शिकवणारा होता, शिकणाराही होता. हाक मारायचीच कुणी राहिलं नाही, एवढंच.

असो. पाद्रीबुवांच्या मेणबत्त्या गेल्या, पण आपल्याला एक गोष्ट मिळाली. सौदा काही वाईट झाला नाही.